हौद्याची माती सगळ्यांची



तालमीच्या वार्षिक सभेत चार शब्द बोला, असा निरोप आला. म्हणून आम्ही उभे आहोत. आम्ही काही पैलवान नव्हे. मॅट्रिक झालो, मास्तर झालो आणि मुख्याध्यापक होऊन पेन्शनीत निघालो. सारा जन्म पोरांत गेला. तेव्हा बोलणार आहोत तेही पोरांबद्दलच.

आपल्या शिराळ्याला बळाची उपासना नवी नाही. समर्थांनी अकरा मारुती स्थापन केले. त्यांतला एक आपल्या गावात आहे. देवाला शेंदूर लावायचा आणि पोरानं लंगोट कसायचा, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. प्रश्न एवढाच आहे, की ही उपासना कुणी करायची? सगळ्या गावानं, की मोजक्या घरांनी?

सभेपुढचे विषय त्या फळ्यावर लिहिले आहेत. तुमच्यापैकी पुष्कळांना आता वाचता येते. वाचा. पहिला विषय, वर्गणी वाढवायची का? दुसरा विषय, मुलींना तालमीत घ्यायचे का? तिसरा विषय, ऊसतोडीच्या टोळ्यांची पोरं आपल्या मैदानावर येतात, त्यांना येऊ द्यायचे का? विषय तीन दिसतात. पण नीट पाहिले तर विषय एकच आहे. तालीम कुणाची?

हौद्याची माती कशी तयार करतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. तांबडी माती चाळून घेतात. तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात. मग खोऱ्याने उकरून उकरून मऊ करतात. ही माती अंगाला लागली, की बागायतदाराचे पोर आणि सालगड्याचे पोर एकाच रंगाचे दिसते. माती कुणाची जात विचारत नाही. विचारतात ती माणसं. आणि तीसुद्धा हौद्यात नाही, हौद्याच्या काठावर बसून विचारतात.

आता कबड्डी बघा. हा खेळच शिवाशिवीचा आहे. चढाईला गेलेला गडी समोरच्याला शिवून आला, तर गुण मिळतो. समोरच्यांनी त्याला धरून ठेवला, तर त्यांना गुण मिळतो. खो-खोत पाठीवर हात पडल्याशिवाय उठता येत नाही. कुस्तीत तर छातीला छाती लागते. आपल्या बापजाद्यांनी एकीकडे शिवाशिव पाळली आणि दुसरीकडे शिवल्याशिवाय खेळताच येणार नाहीत असे खेळ जपले. यांतले ठेवायचे काय आणि टाकायचे काय, ते तुम्हीच सांगा.

कुणी म्हणेल, ‘गुरुजी, आता कुठं राहिलीय शिवाशिव?’ बरोबर आहे. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. १९५५ साली तसा कायदा झाला. आज तोंडाने कुणी बोलत नाही. पण न बोलताही पुष्कळ गोष्टी होतात. संघ निवडताना चार घरांतलीच नावे पुढे येतात. मैदान आखायला, पाणी मारायला मात्र वस्तीवरची पोरं लागतात. सामना जिंकला, की फोटोत एक जण मधे उभा राहतो आणि ज्याने चढाया केल्या तो कडेला. हे कायद्याला दिसत नाही. पोराला मात्र लगेच कळते. ते भांडत नाही. हळूच यायचे बंद होते. आपण म्हणतो, ‘त्याला गोडी नव्हती.’ अशी गोडी गेलेली पोरं शाळेत आम्ही पुष्कळ पाहिली. गोडी आपोआप जात नाही, मंडळी. ती घालवलेली असते.

बाळू पालवणकर यांची गोष्ट सांगतो. शंभर वर्षांपूर्वीचे हे फार मोठे क्रिकेट खेळाडू. जातीने चांभार. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानाची राखण करीत. तिथे साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांचा हात असा तयार झाला, की हिंदू संघाला त्यांच्यावाचून चालेना. संघात घेतले खरे. पण चहाची वेळ झाली, की बाकीचे आत कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडू त्यांच्या हातचा चालला. कप चालला नाही!

तरी बाळू खेळत राहिले. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने इंग्रजांना हरवले. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली ते हिंदी संघाबरोबर विलायतेला गेले आणि एका दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आले. एवढे करूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल पालवणकरांना मिळाले. त्यांच्या हाताखाली संघ जिंकला. एक भाऊ दारात थांबला, तेव्हा कुठे दुसऱ्याला दार उघडले. मधे किती वर्षे फुकट गेली, ते मोजा.

त्याच काळात आपल्या शेजारी कोल्हापुरात काय चालले होते? शाहू महाराज स्वतः कुस्तीचे मोठे शौकीन. त्यांनी मल्लांना आश्रय दिला. रोमचे जुने मैदान त्यांनी पाहिले होते. तशा धर्तीवर १९१२ साली त्यांनी खासबागेचे मैदान उभे केले. कुठेही बसा, कुस्ती दिसते. त्याच महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एका शाळेत बसवले. गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा पीत. राजा चहा पितो म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना. पुण्यातला चहा आणि कोल्हापुरातला चहा. पाणी तेच, पत्ती तीच. फरक पाजणाऱ्याच्या मनात.

आता पहिला विषय, वर्गणीचा. खाशाबा जाधव तुम्हाला माहीत आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तांबड्या मातीतला हा गडी पहिल्यांदाच परक्या गादीवर उतरला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे ठरले, तर जवळ पैसे नाहीत. गावोगाव वर्गणी जमवली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण टाकले. खाशाबा गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला एका खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. कराड ते गोळेश्वर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

यातून काय घ्यायचे? तिथे वर्गणी होती. पण ती पोराला पुढे पाठवण्यासाठी होती. दारात अडवण्यासाठी नव्हती. तुम्ही वर्गणी वाढवाल, तर रोजगाराला जाणाऱ्या बाईचे पोर पहिले गळेल. त्यापेक्षा असे करा. पोरांची वर्गणी नाममात्र ठेवा. जत्रेत, लग्नकार्यात ज्याला झेपेल त्याने जास्त द्यावे. गाव करी ते राव काय करी! पण एक पथ्य पाळा. पैसे दिले नाहीत, म्हणून त्या पोराला माती उकरायला लावू नका. माती उकरायची पाळी सगळ्यांची. गरिबानं उकरायची नि श्रीमंतानं लोळायचं, असं नको.

दुसरा विषय मुलींचा. इथे बरेच जण मान हलवतात. म्हणतात, ‘मारुती ब्रह्मचारी. तालमीत बायामाणसं कशी चालतील?’ आम्ही विचारतो, मारुतीला बळ मिळाले ते कुणाच्या पोटी येऊन? अंजनीमातेच्या. आईला वगळून मारुतीची पूजा होत नाही, मग लेकीला वगळून कशी होईल?

आपल्या तालुक्यातल्या बिळाशीला १९३० साली जंगल सत्याग्रह झाला. त्यात बायाही पुढे होत्या. तेव्हा कुणी म्हणाले नाही, की बाईने घरी बसावे. महाराष्ट्र केसरी ही पुरुषांची स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. स्त्रियांसाठी ती निघायला २०२३ साल उजाडले. बासष्ट वर्षे लागली. ती पहिली स्पर्धा झाली आपल्या सांगलीत आणि जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने. त्याच सांगलीत वाढलेली स्मृती मानधना २०२५ साली विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. या मुली आभाळातून पडल्या नाहीत. कुणीतरी त्यांना जागा दिली, वेळ दिला, बॅट दिली.

मुलींना घ्यायचे म्हणजे नुसता ठराव करून भागत नाही. कपडे बदलायला आडोसा हवा. संडास हवा. दिवा हवा. संध्याकाळी ठरलेला तास त्यांचाच हवा. ‘आज सामना आहे, तुम्ही उद्या या’ असे करायचे नाही. शिकवताना गावातली एखादी जाणती बाई हजर हवी, म्हणजे आईबाप निर्धास्त राहतील. आणि पंचकमिटीत निदान दोन बाया हव्यात. चूल कुठे मांडायची, हे स्वयंपाक करणारीला विचारावे लागते. तसेच हे आहे.

तिसरा विषय टोळीच्या पोरांचा. दिवाळी सरली, की बीडकडून, मराठवाड्याकडून माणसे येतात. पाल ठोकतात. पहाटे थंडीत फडात उतरतात. त्यांनी तोडलेल्या उसाचे पैसे आपल्या घरी येतात. त्याच पैशांत आपल्या पैलवानांचा दूध-बदामाचा खुराक होतो. मग त्यांचे पोर मैदानाच्या कडेला उभे राहिले, तर आपल्याला का खुपते? चेंडू हरवला, की पहिला संशय त्याच्यावर का? चार-पाच महिन्यांचे पाहुणे आहेत. त्यांना संघात घ्या. पळण्यात, कबड्डीत ती पोरं काटक असतात. आपल्या पोरांनाही घाम फुटेल. घाम फुटल्याशिवाय गडी तयार होत नाही.

फळ्यावर नाही असा चौथा विषय आम्ही मांडतो. आपल्या गावात कुणाचा पाय अधू आहे, कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही. ती पोरं सामन्याला येतात कुठे? आली तर चपला सांभाळायला बसतात. पेठ नाक्यावरून तुम्ही नेहमी जाता. त्या पेठचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या आणि शरीराचा खालचा भाग लुळा पडला. ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत जिंकली. वेळ लागला ३७.३३ सेकंद. भारताचे त्या स्पर्धेतले ते पहिले सुवर्णपदक. सरकारने त्यांना पद्मश्री दिली, ती २०१८ साली. शेहेचाळीस वर्षांनी! पदक मिळाले त्या दिवशी ते जितके मोठे होते, तितकेच नंतरही होते. बघायला आपल्याला उशीर लागला.

म्हणून आमचे म्हणणे असे. पायऱ्यांच्या बाजूला एक उतार बांधा. अधू पोराला जोर काढता येतात, गोळा फेकता येतो, पोहता येते. काही नाही तर वेळ लावता येतो, गुण लिहिता येतात. पण आधी त्याला विचारा, ‘तुला काय खेळायचंय?’ आपणच परस्पर ठरवू नका.

आता शेवटचे. मंडळ नोंदलेले असले, की त्याची घटना असते. सभासद कोण होऊ शकतो, सभा कधी, हिशेब कुणी द्यायचा, हे तीत लिहिलेले असते. आजवर ती चार जणांनी वाचली आणि बाकीच्यांनी अंगठा दिला. आता तसे नको. तुम्ही वाचायला शिकलात, ते एस. टी. ची पाटी वाचण्यापुरते नव्हे. घटना मागून घ्या. वाचा. अडले तर आम्हाला विचारा. संघ कसा निवडला, कुणाच्या चाचणीत किती गुण आले, हे फळ्यावर लावा असे सांगा. पैसा कुठे गेला, तेही फळ्यावर लावा. जे फळ्यावर येते, त्यात लबाडी फार दिवस टिकत नाही.

थोड्या वेळाने हात वर करायचे आहेत. शेजाऱ्याचा हात बघून आपला वर करू नका. आपल्या घरातली मुलगी, आपल्या रानात राबणारा गडी, फडातले ते पोर यांना एकदा डोळ्यांपुढे आणा. मग ठरवा. वस्तादांना आमची विनंती आहे, की उद्या पहाटे जे पोर पहिले दारात येईल, त्याचे नाव विचारा, आडनाव विचारू नका. आणि हातात खोरे द्या. माती उकरायची आहे.