कठड्याच्या टोकाशी वाळूची पिंपं

महामार्गावरच्या काँक्रीटच्या कठड्याचं सर्वांत घातक ठिकाण म्हणजे त्याचं टोक. अमेरिकेत तिथे वाळूची प्लॅस्टिकची पिंपं मांडतात. ही कल्पना शर्यतपटू जॉन फिच यांची. १९५५ च्या ल माँ शर्यतीत त्यांच्या सहचालकाची गाडी प्रेक्षकांत घुसली, ८० हून अधिक माणसं गेली; त्यानंतर ते रस्तासुरक्षेकडे वळले.

पुढच्या पिंपात सुमारे ९० किलो वाळू, मागे ती वाढत जाते. पिंपं एकेक करून फुटतात, वेग टप्प्याटप्प्याने उतरतो. थंड प्रदेशात वाळू गोठू नये म्हणून मीठ मिसळतात. गोठलेलं पिंप दगडच!

धडकेनंतर फुटलेल्या पिंपाजागी त्याच वजनाचं पिंप हवं, आणि लवकर हवं. दुरुस्ती करणाऱ्या कामगारांमागे ट्रक उभा करतात. त्याच्या पाठीलाही धडक शोषणारं उपकरण जोडलेलं असतं.