शाळेचा पैसा आणि सभागृहातले मौन



शिक्षणावर बोलायला कुर्ल्याइतकी योग्य जागा मुंबईत शोधून सापडणार नाही. एका अंगाला वांद्रे-कुर्ला संकुलातली बँकांची मुख्यालये, दुसऱ्या अंगाला चाळी, झोपडपट्ट्या आणि पुनर्वसनाच्या इमारती. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत शाळा चालवते. अशा शहरात शिक्षणाचा वाद म्हटला की तो माध्यमाचा असणार, असे सगळेच गृहीत धरतात. पण त्याच्या मुळाशी दुसराच एक वाद आहे. शाळेचा पैसा कोणी द्यायचा, किती द्यायचा आणि त्याचा हिशेब कोणाला द्यायचा? हा वाद जेव्हा भर सभागृहात झाला, तेव्हा शाळेचे पाऊल पुढे पडले. तो बंद झाला तेव्हा घोषणा वाढल्या.

२०२५च्या उन्हाळ्याचेच पाहा. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला, १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. ५ जुलैला वरळीच्या सभागृहात दोन ठाकरे बंधू अनेक वर्षांनी एका मंचावर आले. अख्ख्या महाराष्ट्राने ते दृश्य पाहिले. त्यानंतर तीनच दिवसांनी अंशतः अनुदानित शाळांतले शिक्षक आझाद मैदानात पावसात बसले. त्यांचे गाऱ्हाणे साधे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने अनुदानाचा पुढचा टप्पा मंजूर केला, मात्र त्यासाठी निधीची तरतूदच झाली नाही. निर्णय होता, पैसे नव्हते. सर्व पक्षांचे नेते मैदानात येऊन गेले, आश्वासने देऊन गेले. पण भाषेवरून जसे घराघरांत बोलणे झाले, तसे या शिक्षकांच्या पगारावरून झाले नाही. शिक्षकांच्या बोलीतले ‘टप्पा’, ‘घोषित’, ‘अघोषित’, ‘संचमान्यता’ हे शब्द पालकांच्या कानापर्यंत पोहोचतच नाहीत.

महाराष्ट्रात असे नेहमीच नव्हते. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्याचा गाभाच पैशाचा होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी त्यांनी त्याच निवेदनात केली. कर कोण भरतो आणि लाभ कोण घेतो, हे ताळेबंदाच्या भाषेत विचारणारा तो पहिला मोठा मराठी आवाज.

मुंबईपुरते पाहिले तर १९०७ साली एक विलक्षण अदलाबदल झाली. शहराच्या पोलिसांचा खर्च तोवर पालिकेच्या माथी होता. तो सरकारने आपल्याकडे घेतला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण व काही वैद्यकीय सेवांचा भार पालिकेवर टाकला. मुंबईची शाळा पालिकेकडे आली ती अशी, खर्चाच्या वाटणीतून. आज पालिका अधिनियमाच्या कलम ६१ नुसार प्राथमिक शाळा चालवणे हे तिचे बंधनकारक कर्तव्य आहे.

चार वर्षांनी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. विधेयक अगदी सावध होते. स्थानिक संस्थांनी तयारी दाखवली तरच सक्ती, गरज पडल्यास शिक्षणासाठी उपकर आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारचा. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांच्या कारणांत पैसा अग्रभागी होता. सहा वर्षांनी विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबई प्रांतात तसाच कायदा मंजूर करून घेतला, १९२० मध्ये मुंबई शहरासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९२५ मध्ये एफ आणि जी विभागांत सक्तीचे शिक्षण सुरू झाले.

कुर्ला तेव्हा मुंबईत नव्हते. स्वदेशी मिलचा भोंगा इथे वाजत होता, गिरणी कामगारांची वस्ती वाढत होती, पण गावाची नगरपालिका वेगळी आणि तिजोरी लहान. शहरासाठी झालेला कायदा हद्दीपाशी थांबला. एप्रिल १९५० मध्ये कुर्ला बृहन्मुंबईत आले, तेव्हा कुठे इथल्या शाळांमागे शहराच्या मोठ्या तिजोरीचे पाठबळ उभे राहिले.

त्या काळातले सर्वांत धारदार भाषण मात्र १२ मार्च १९२७ चे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आठ दिवसांवर होता. मुंबई कायदेमंडळात नुकतेच आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. त्यांनी दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले: सरकार माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूवरच्या अबकारी करातून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर द्या, ही त्यांची मागणी. पहिलीत शिरलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे अपुऱ्या खर्चाने वाचत काहीच नाही, झालेला खर्चही वाया जातो. इतका नेमका युक्तिवाद आजच्या अर्थसंकल्पीय चर्चेत क्वचितच ऐकू येतो.

आज मुंबईत पैसा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. २०२५-२६ चा पालिकेचा एकूण अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा, त्यात शिक्षणाचा सुमारे ३,९५५ कोटींचा. म्हणजे शंभरातले पाच रुपये आणि काही पैसे. मुलांना गणवेश, दप्तर, वह्यांसह २७ शालोपयोगी वस्तू मिळतात. मुंबई पब्लिक स्कूल या नावाने केंद्रीय आणि आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळाही पालिकेने उघडल्या आणि त्यांच्या प्रवेशासाठी पालकांची झुंबड उडते. पालिकेची शाळा म्हणजे शेवटचा पर्याय, हा समज त्या झुंबडीने खोटा ठरवला. पण त्याच पालिकेच्या मराठी वर्गांतला पट घटत जातो तेव्हा कोणत्या शाळेला किती दिले हे विचारावेच लागते.

इतकी वर्षे विचारणार तरी कुठे? पालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. त्यानंतर २०२३, २०२४ आणि २०२५ चे अर्थसंकल्प अधिकाऱ्यांनी प्रशासक म्हणून बसलेल्या आयुक्तांनाच सादर केले. शिक्षण समिती नव्हती, नगरसेवक नव्हते, हरकतीचा मुद्दा नव्हता. तीन वर्षे हजारो कोटींच्या शिक्षण अर्थसंकल्पावर लोकप्रतिनिधींचा एक शब्दही नोंदला गेला नाही. गोखल्यांचे विधेयक पडले, पण चर्चा होऊन पडले. इथे मंजुरीच चर्चेवाचून मिळाली.

पैसा येतो कुठून, हेही मुंबईकर विसरत चालले आहेत. मालमत्ता कराच्या बिलात सर्वसाधारण कर, जल कर यांच्याबरोबर महापालिका शिक्षण उपकर आणि राज्य शिक्षण उपकर अशा दोन वेगळ्या ओळी असतात. राज्याचा उपकर १९६२ च्या कायद्याने आला. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०१९ मध्ये आधी फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, तेव्हा ‘पूर्ण माफीचे काय झाले?’ म्हणून गदारोळ उठला. १ जानेवारी २०२२ पासून सगळाच कर माफ झाला. कुर्ल्यातल्या चाळी आणि पुनर्वसनाच्या सदनिका बहुतेक या मर्यादेत बसतात. गरीब घराला मिळालेली सवलत रास्तच आहे. पण त्याबरोबर गेलेला शाळेचा वाटा कशातून भरून काढायचा, हे ना सत्ताधाऱ्यांनी सांगितले ना विरोधकांनी विचारले. तीच कुटुंबे आता खासगी शाळेची फी आणि शिकवणीचे पैसे भरतात. उपकर गेला, खर्च राहिला.

एका बाबतीत मात्र मुंबईची व्यवस्था उजवी आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयांचा कर आणि कुर्ल्यातल्या दुकानांचा कर एकाच तिजोरीत जातो. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शाळांचा मोठा खर्च त्या-त्या भागाच्या मालमत्ता करावर चालतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरातल्या एजवूड या गरीब भागातल्या पालकांनी त्याविरुद्ध दाद मागितली. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांना नकार दिला. तसे इथे असते तर कुर्ल्यातल्या चाळींच्या शाळा चाळींच्याच करावर चालवाव्या लागल्या असत्या. तिजोरी एक आहे, ही शंभर वर्षांची कमाई आहे. मात्र एका तिजोरीतून वाटप समान होते की नाही, हे तपासायला विभागवार आकडे हाती लागत नाहीत.

आता शिक्षण हक्क कायद्याकडे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखल्या आणि त्या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती सरकारवर सोपवली. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्याने पळवाट काढली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. कुर्ल्यासारख्या दाट वस्तीत या नियमातून एखादी तरी खासगी शाळा उरली असती का? ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अधिसूचनेला स्थगिती दिली, १९ जुलैला ती रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

राज्याच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शेजारी स्वतःची शाळा रिकामी असताना खासगी शाळेला सरकारी पैसा का द्यायचा? कर्नाटकाने आधीच असा नियम केला होता. खासगी शाळाचालकांचीही तक्रार खरी आहे. प्रतिपूर्तीची रक्कम वर्षानुवर्षे थकते आणि काही शाळा त्याचा राग प्रवेश मिळालेल्या मुलांवर काढतात. पण रिकाम्या शाळेचा उपाय ती शाळा चांगली करणे हा आहे, कायद्याने दिलेला हक्क अधिसूचनेने काढून घेणे हा नाही. आणि चांगली करायची तर शिक्षक हवेत. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवण्याच्या, नव्या निकषांनी सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असलेल्या शाळांतली शिक्षकपदेच धोक्यात आणली. आधी शिक्षक काढायचा, मग पट घटला म्हणायचे, असा हा उलटा हिशेब.

दिल्लीची बाजूही पाहायला हवी. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाची शिफारस केली. कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव. २०२० च्या धोरणात तोच सहाचा आकडा पुन्हा आला. दरम्यान केंद्राचा शिक्षण उपकर २००४ पासून वसूल होतो, मात्र उपकराची रक्कम राज्यांच्या वाट्याच्या हिशेबात धरली जात नाही. तमिळनाडूने केंद्राच्या ‘पीएम श्री’ शाळा योजनेच्या करारावर सही केली नाही म्हणून समग्र शिक्षा अभियानाचा निधी अडला. पैसा हे धोरण रेटण्याचे हत्यार होते ते असे.

कुर्ल्यातल्या या संमेलनापुढे म्हणून तीन ठराव आहेत. पालिकेने शिक्षणाचा अर्थसंकल्प विभागवार प्रसिद्ध करावा. कुर्ल्याच्या एल विभागात कोणत्या माध्यमाच्या कोणत्या शाळेवर किती खर्च झाला, हे कुर्ल्याच्या पालकाला मराठीत वाचता यावे. पंचवीस टक्के प्रवेशांच्या प्रतिपूर्तीची देय रक्कम आणि देण्याची तारीख शाळानिहाय जाहीर व्हावी. आणि अनुदानाचा कोणताही टप्पा मंजूर करताना त्याच निर्णयात लेखाशीर्ष आणि रक्कम लिहिलेली असावी.

ठराव मंजूर झाले तर ते मंत्रालयात आणि पालिका मुख्यालयात जातीलच. पण त्यांची एक प्रत एल विभागातल्या प्रत्येक नगरसेवकाला हातोहात द्यावी आणि शिक्षण अर्थसंकल्पावर सभागृहात बोलणार का, हे त्यांना तिथेच विचारावे, अशी सूचना संमेलनाच्या कार्यकारिणीला आहे.