गुणवंतांचा महाविद्यालयीन प्रवेश : अंदाज आणि वास्तव

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित गुणवंत विद्यार्थी सत्कार व पालक मेळाव्यात एका निवृत्त गणित-शिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे पूर्ण केली, याबद्दल प्रथम सर्व विश्वस्तांचे आणि दात्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. सत्काराच्या प्रसंगी गुणवंतांचे कौतुक करावे, हा शिष्टाचार आहे. तो मी पाळणारच आहे. परंतु आज मला कौतुकाच्या पुढचे बोलायचे आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून बत्तीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवले. या काळात निकालानंतर पालकांनी मला एकच प्रश्न शेकडो वेळा विचारला : "सर, आमच्या मुलाला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळेल ना?" या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे आणि कसे देऊ नये, हाच आजचा विषय आहे.

एक चूक

आरंभी माझी स्वतःची चूक सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी एक विद्यार्थिनी अत्यंत हुशार होती. वडिलांचे खेड्यात छोटेसे किराणा दुकान. प्रवेश परीक्षेत तिला उत्तम गुण मिळाले. वडील पेढे घेऊन माझ्या घरी आले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी आदल्या वर्षीचा तक्ता उघडला, एका नामांकित महाविद्यालयाच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणालो, "निर्धास्त राहा. नक्की मिळेल." माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी अर्जात केवळ चार पर्याय भरले, आणि चारही पर्याय नामांकित महाविद्यालयांचे होते.

पहिल्या फेरीत नाव लागले नाही. दुसऱ्या फेरीतही लागले नाही. मग मी तो तक्ता पुन्हा काढून नीट वाचला. मी पाहिलेला आकडा शेवटच्या फेरीचा होता, तोही वेगळ्या शाखेचा. त्या वर्षी गुणवत्ता यादीही वर सरकली होती. शिल्लक जागांचे शुल्क वडिलांना पेलवणारे नव्हते. अखेर मुलीने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. दुःखाची बाब अशी, की तिच्याहून कितीतरी खालच्या क्रमांकाच्या मुलांना आपल्याच परिसरातील चांगल्या महाविद्यालयांत अभियांत्रिकीच्या जागा मिळाल्या होत्या. ती नावे आम्ही अर्जात लिहिलीच नव्हती.

पुढे ती एम.एस्सी. झाली, आज ती अध्यापन करते. काही वर्षांनी भेटली तेव्हा म्हणाली, "सर, प्रवेश मिळाला नाही याचं वाईट वाटत नाही. तुम्ही 'नक्की' म्हणालात आणि बाबांनी ते खरं मानलं, याचं वाटतं." तेव्हापासून 'नक्की' हा शब्द मी प्रवेशाच्या बाबतीत उच्चारलेला नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा ही म्हण मी लहानपणापासून ऐकली होती. त्या वर्षी ती मी एका कुटुंबाला भोगायला लावली.

दारे वाढली, गर्दीही वाढली

आपल्या दोन्ही जिल्ह्यांना उच्च शिक्षणाची थोर परंपरा आहे. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेचे बीज रोवले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. हे दुसरे महाविद्यालय पुढे शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९६० मध्ये कऱ्हाडला शासकीय अभियांत्रिकी आणि १९६२ मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले.

त्या काळी दारे मोजकी होती. १९८३ मध्ये सांगलीचेच सुपुत्र, तत्कालीन मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. साताऱ्यालाही २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. आज अभियांत्रिकीची जागा मिळणे कठीण राहिलेले नाही; हवी ती शाखा हव्या त्या महाविद्यालयात मिळणे कठीण आहे. ही दोन वाक्ये पालकांच्या मनात एक झाली, की अंदाज चुकलाच म्हणून समजावे.

शेकडा गुण आणि पर्सेंटाइल

पहिला घोटाळा होतो तो आकड्यांचा. २०१९ पासून राज्याच्या सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. नव्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी नव्याण्णव गुण नव्हेत. परीक्षार्थींपैकी सुमारे नव्याण्णव टक्के आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आता साधा हिशेब करू. समजा, तीन लाख विद्यार्थी परीक्षेस बसले. नव्याण्णव पर्सेंटाइलच्या मुलापुढे सुमारे तीन हजार विद्यार्थी उभे आहेत. साडेनव्याण्णवच्या मुलापुढे दीड हजार. कागदावरचा अर्धा गुण म्हणजे रांगेतली दीड हजार माणसे! आणि पुढच्या वर्षी परीक्षार्थी चार लाख झाले, तर त्याच नव्याण्णव पर्सेंटाइलला पुढे चार हजार मुले असतील. जागा मात्र त्या प्रमाणात वाढतीलच असे नाही.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत तर हे अधिकच ठळकपणे दिसले. २०२४ मध्ये प्रारंभी जाहीर झालेल्या निकालात ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे ६७ विद्यार्थी होते. सुधारित निकालात ते १७ राहिले. २०२५ मध्ये प्रश्नपत्रिका कठीण निघाली आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाच ६८६ गुण मिळाले. म्हणजे एका वर्षीच्या साडेसहाशे गुणांची तुलना दुसऱ्या वर्षीच्या साडेसहाशे गुणांशी करणे निरर्थक आहे. तुलना करायचीच तर गुणवत्ता क्रमांकाची करावी. गुण आपल्या अभ्यासाविषयी सांगतात. क्रमांक रांगेतल्या जागेविषयी सांगतो.

आपली रांग कोणती?

दुसरी गोष्ट, रांग एक नसते. त्याच महाविद्यालयाच्या त्याच शाखेत खुल्या गटाची, निरनिराळ्या प्रवर्गांची, मुलींसाठी राखीव तीस टक्के जागांची, आर्थिक दुर्बल घटकांची, शिक्षणशुल्क माफीच्या जागांची, अशा अनेक रांगा असतात. वैद्यकीयला शासकीय महाविद्यालयातील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय यादीतून आणि पंच्याऐंशी टक्के राज्याच्या यादीतून भरतात. नागपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत निम्म्या जागा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात. आयआयटीत अशी सवलत नाही. तक्त्यातील कोणता स्तंभ आपला, हे न पाहता काढलेला अंदाज दुसऱ्याच्या कुंडलीवरून आपले भविष्य वाचण्यासारखा आहे.

येथे समाजबांधवांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्यामुळे अल्पसंख्याक शिष्यवृत्ती योजनांसाठी आपण पात्र ठरतो आणि जैन अल्पसंख्याक संस्थांतील त्या कोट्याच्या जागांवर आपल्या मुलांना अर्ज करता येतो. परंतु शासकीय महाविद्यालयात केवळ जैन म्हणून वेगळी जागा राखलेली नसते. "आपल्याला आता आरक्षण आहे," असे म्हणत निश्चिंत राहिलेले पालक मी पाहिले आहेत. अल्पसंख्याकत्व आणि आरक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत.

गतवर्षीचा तक्ता हे वचन नव्हे

तिसरी गोष्ट, नियम बदलतात. अभियांत्रिकीचे प्रवेश २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी जेईई मेनच्या आधारे झाले; २०१६ मध्ये राज्याची सीईटी परतली. वैद्यकीय प्रवेशातील सत्तर-तीसचे विभागीय सूत्र २०२० मध्ये रद्द झाले. प्रत्येक बदलाने जुने तक्ते एका रात्रीत शिळे केले. म्हणून किमान तीन वर्षांचे आकडे पाहावेत, फेरी कोणती ते पाहावे, आणि नियम बदलला असेल तर जुन्या आकड्याला तेवढेच कमी महत्त्व द्यावे. तक्त्यातील शेवटचा आकडा हा दारातून शेवटी आत गेलेल्या एका विद्यार्थ्याचा असतो. आपण त्याच्या बरोबरीला आहोत याचा अर्थ आपण उंबरठ्यावर आहोत. घरात पोहोचलेलो नाही.

तीन गटांची यादी

मग करावे काय? यादी तीन गटांत करावी. पहिला गट आशेचा : जेथे गेल्या तीन वर्षांचा क्रमांक आपल्याहून वरचा आहे. दुसरा बरोबरीचा : जेथे कधी आत, कधी बाहेर. तिसरा भरवशाचा : जेथे तिन्ही वर्षी आपल्याहून बरेच मागचे विद्यार्थी आत गेले, आणि जेथे जायला आपली मनापासून तयारी आहे. ही दुसरी अट महत्त्वाची. ज्या महाविद्यालयात मुलगा जाणारच नाही, ते भरवशाचे कसले?

अनेकांना वाटते, कठीण महाविद्यालयांची नावे पुष्कळ लिहिली की एखादे तरी लागेल. हा तर्क फसवा आहे. सगळीकडे आपण त्याच एका क्रमांकाने उभे असतो. एका ठिकाणी क्रमांक कमी पडला, की तशाच दुसऱ्या ठिकाणीही बहुधा कमीच पडतो. पाच आशा मिळून एक भरवसा होत नाही.

पर्यायांचा क्रम मात्र आवडीनुसारच लावावा. यादीत वरचे नाव कठीण असल्याने खालच्या नावाची संधी घटत नाही. खालचे नाव लिहिलेच नाही, तर ती संधी नाहीशी होते. आणि क्रम विचारपूर्वक लावावा. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यास ती स्वीकारणे बंधनकारक होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम होता. म्हणून दरवर्षी माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजाऱ्याच्या सांगण्यावर राहू नये.

स्यात्

बंधू-भगिनींनो, हे सारे आपल्याला नवे वाटू नये. आपल्या आचार्यांनी शिकवलेला स्याद्वाद हेच सांगतो : कोणतेही विधान एका विशिष्ट अपेक्षेने, एका दृष्टिकोनातून सत्य असते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना सप्तभंगीचा विचार केला आणि संभाव्यतेच्या आधुनिक कल्पनेशी तिचे नाते दाखवले. मी त्या वडिलांना 'नक्की' म्हणालो, तेव्हा मी गणितही विसरलो होतो आणि स्याद्वादही. मी म्हणायला हवे होते, "या शाखेच्या, या फेरीच्या, या स्तंभाच्या अपेक्षेने आशा आहे, ती फळली नाही तर आपली पुढची तयारी ही." खरे बोलण्यात त्यांचा आनंद थोडा कमी झाला असता, त्यांच्या मुलीचे वर्ष सावरले असते. हितकर सत्य मृदू शब्दांत सांगता येते. गोड असत्य मात्र कितीही मृदू असले तरी ते समोरच्याची हिंसाच करते, हे मी अनुभवाने शिकलो.

ट्रस्टला एक विनंती

या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने शिष्यवृत्तीच्या जोडीला एक छोटे काम हाती घ्यावे, अशी नम्र विनंती करतो. अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याची यादी किमान दोन जाणकारांनी तपासावी. आणि एक वही ठेवावी : आपल्या मुलांचा क्रमांक काय होता, आपण अंदाज काय दिला आणि प्रत्यक्षात काय घडले. दहा वर्षांनी ती वही कोणत्याही तक्त्यापेक्षा आपल्याला अधिक शहाणे करील. मुख्य म्हणजे, आपले किती अंदाज चुकले हे ती आपल्याला विसरू देणार नाही.

अखेरीस विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी दोन शब्द. अंदाज प्रवेशाचा असतो, माणसाचा नव्हे. कुंभोजच्या एका जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांचे औपचारिक शिक्षण मॅट्रिकच्या आतच थांबले. कोणत्याही गुणवत्ता यादीने त्यांना उभे केले नसते. त्यांनी काढलेल्या शाळा-महाविद्यालयांनी मात्र महाराष्ट्रातील लक्षावधी मुलांना उभे केले. तेव्हा यादी डोळसपणे करा, निकाल शांत मनाने स्वीकारा आणि मिळालेल्या जागेवर कामाला लागा. आज माझ्या समोर बसलेल्या एखाद्या वडिलांनी घरी जाऊन अर्जात भरवशाचे एक नाव वाढवले, तरी माझे हे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.