पळणाऱ्यांची पावती



आपल्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण बोलताना माझ्या तोंडी नगरच येतं, तेवढं सांभाळून घ्या. हा जिल्हा पलटणीला सरावलेला. रणगाडा दळाचं केंद्र 1948 पासून नगरला आहे. पहाटे गावोगाव डांबरी सडकेवर भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. तेव्हा माजी सैनिकांच्या मदतीसाठी शर्यत म्हटली, की आपल्याला ती पटकन पटते. हल्ली अशा शर्यती पुष्कळ भरतात. आज त्यांच्याविषयीच बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी शाळेची चौदा मुलं घेऊन गेलो होतो. प्रत्येकी प्रवेश फी, तिच्या बदल्यात छापील बनियन आणि पदक. व्यासपीठावर आमच्याच गावचे एक निवृत्त हवालदार बसवले होते. त्यांचा एक पाय कृत्रिम आहे. हार घातला, फोटो झाले. परतताना ते मला हळूच म्हणाले, "गुरुजी, पोरं लई झकास पळाली. पर जमलेलं पैसं कुठं भरायचं ठरलंय?"

मला ठाऊक नव्हतं. संयोजकांना विचारलं तर म्हणाले, खर्च वजा जाता काय उरतं ते बघू. पुढं कळलं, फारसं उरलंच नाही. कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. बनियनला पैसे पडतात, मांडवाला, कर्ण्याला पडतात. पण मुलं घरी सांगून आली होती की आम्ही जवानांसाठी पळतोय!

मग आम्ही शाळेतच बेत केला. बनियन नाही, पदक नाही. छातीला टाचणीनं नंबराचा कागद. प्रत्येक मुलानं आधी ओळखीच्या माणसांकडून कबुली घ्यायची: मी मैदानाला जितक्या फेऱ्या मारीन, तितके रुपये द्याल का? मामा, किराणा दुकानदार, दूध संस्थेचा सचिव, कुणालाही विचारावं. 2004 साली सुरू झालेल्या मुंबईच्या मॅरेथॉनमध्येही धावणारे असंच आपापल्या माणसांकडून देणग्या जमवतात. आम्ही फक्त फेऱ्यांचा हिशेब जोडला. एखादं मूल मागं पडलं तरी चार फेऱ्यांचे पैसे आणतंच, हा मोठा फायदा.

दिवस धरला 7 डिसेंबर. 1949 पासून हा ध्वजदिन पाळला जातो. पैसे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीत भरायचे आणि पावती मागून घ्यायची. ती पावती आम्ही दूध संस्थेच्या फळ्यावर चिकटवली. लोक दूध घालायला येतात, दोनदा वाचतात. पुढल्या वर्षी कबुली मिळवायला मुलांना फार बोलावं लागलं नाही.

हा निधी युद्धात अपंग झालेल्यांसाठी, वीरपत्नींसाठी, माजी सैनिकांसाठी असतो. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांची सोय पुण्याजवळ खडकीला आहे. कृत्रिम अवयवांचं लष्करी केंद्र पुण्यात 1944 पासून चालू आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पुढं ते पोहायला लागले आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्याचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. आपली शर्यत तासाभरात आटोपते. अशा माणसाला उभं राहायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं उपचार, शिक्षण, घरखर्च कुणीतरी चालवावा लागतो.

शिक्षक मंडळी, एक सांगतो. गावच्या माजी सैनिकाला खुर्ची द्या, पण हार घालून बसवू नका, काम द्या. आमचे हवालदार रेषेपाशी वही घेऊन बसतात आणि फेऱ्या मोजतात. गेल्या खेपेला सहावीतलं एक पोरगं धापा टाकत म्हणालं, "बारा झाल्या!"

हवालदारांनी वहीवरून मान वर केली. "अकरा."

पोरगं कुरकुरलं, आणि परत पळायला लागलं.