मैत्री आणि मौन
(गंगाखेड येथील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर सालाझारशाहीने गोळ्या झाडल्या. त्याच डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालबरोबरच्या संयुक्त निवेदनात गोव्याला ‘पोर्तुगीज प्रांत’ म्हणवून घेतले. पोर्तुगाल ‘नाटो’तील मित्र होता ना! आपला संताप रास्तच होता.

परंतु १९५६ साली सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, तेव्हा आपल्या सरकारचीही जीभ अडखळली. सोव्हिएत फौजा मागे घ्याव्यात व संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका व्हाव्यात, या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. जयप्रकाशांनी सरकारच्या या भूमिकेवर उघड टीका केली.

मित्रराष्ट्राची भीड राज्यकर्त्यांना पडते. वृत्तपत्रांनी ती का बाळगावी? संयुक्त निवेदन छापणे पुरेसे नाही. त्यात कोणाचे दुःख गाळले, हे विचारले पाहिजे. गंगाखेड ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यासाठी प्राण दिले. हा वारसा आपला आहे. म्हणून गोव्याला लावलेला न्याय हंगेरीलाही लावावा, आणि आपल्या साप्ताहिकानेही स्वपक्षाच्या मित्रांना त्यातून सूट देऊ नये.