झेनिमुरांचं मैदान



थोड्या वेळात विजेत्यांची नावं पुकारली जातील. पण मैदानावर फक्की मारणारा, सामन्यासाठी दुसऱ्या शाळेला पत्र पाठवणारा, वर्गणी जमवणारा कुणीतरी असतो, म्हणून तर विजेता ठरतो. आज अशाच एका माणसाबद्दल बोलायचं आहे. त्यांचं नाव केनिची झेनिमुरा.

१९०० साली हिरोशिमात जन्म, बालपण होनोलुलूत आणि १९२० पासून कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी मुक्काम. द्राक्षमळ्यांचा आणि बेदाण्यांचा मुलूख. आपल्या तासगावकडच्या माणसाला ओळखीचा वाटावा असा. झेनिमुरांची उंची जेमतेम पाच फूट, पण बेसबॉलमधल्या नऊच्या नऊ जागांवर ते खेळत. संघ बांधणं, सामने ठरवणं, प्रशिक्षण देणं हे सगळंही त्यांच्याच अंगावर. फ्रेस्नोतल्या जपानी वंशाच्या हौशी खेळाडूंना घेऊन ते १९२४, १९२७ आणि १९३७ साली जपानच्या दौऱ्यावर गेले. बेब रूथ आणि लू गेरिग म्हणजे त्या काळचे बेसबॉलचे सम्राट. १९२७ च्या ऑक्टोबरात ते प्रदर्शनी सामन्यासाठी फ्रेस्नोत आले, तेव्हा गेरिगच्या बाजूने झेनिमुरा आणि त्यांचे तीन सहकारी उतरले. त्या दिवशीच्या छायाचित्रात धिप्पाड रूथशेजारी झेनिमुरा शाळकरी पोरासारखे दिसतात.

मग युद्ध आलं. पर्ल हार्बरवरच्या जपानच्या हल्ल्यानंतर, फेब्रुवारी १९४२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरदार, शेती, दुकानं सोडावी लागली. त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. झेनिमुरांसारख्या जपानात जन्मलेल्यांना तर तेव्हाच्या कायद्याने नागरिकत्व मिळूच शकत नव्हतं. झेनिमुरांना आधी फ्रेस्नोच्याच जत्रेच्या मैदानावर कोंडलं. तिथेही या गृहस्थांनी बेसबॉलची जागा तयार करून घेतली! मग रवानगी झाली अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, गिला रिव्हरच्या छावणीत.

तिथे होत्या लाकडी बराकी, धुळीची वादळं आणि उन्हाळ्यात भाजून काढणारा उकाडा. झेनिमुरांनी फावडं उचललं. हॉवर्ड आणि हार्वी ही त्यांची दोन मुलं बरोबर होती. तिघं मिळून झुडपं उपटताहेत हे पाहून शेजारपाजारची माणसं विचारायला आली आणि कामालाच लागली. झुडपं जाळली, जमीन सपाट केली, माती चाळून खडे वेगळे काढले, चर खणून पाणी आणलं. इन्फिल्डला म्हणजे चार बेसच्या मधल्या जागेला पाणी पाजून ती घट्ट बसवली. मागच्या जाळीसाठी लाकूड हवं होतं, म्हणून तारेच्या कुंपणाचे एकाआड एक खांब काढून आणले. आऊटफिल्डच्या म्हणजे त्यापलीकडच्या मैदानाच्या कडेला भिंत कशाची करायची? एरंड लावला! तो उंच वाढला आणि मैदानाला हिरवी सीमा मिळाली. बायकांनी गाद्यांच्या खोळींचं कापड फाडून गणवेश शिवले. साहित्याचे पैसे प्रेक्षकांकडून जमा केले.

७ मार्च १९४३ रोजी मैदान खुलं झालं. पुढे संघ वाढत गेले आणि मोठ्या सामन्यांना हजारोंची गर्दी होऊ लागली.

या मैदानाने अन्याय सौम्य झाला, असं कुणी म्हणू नये. तो उघड अन्याय होता आणि १९८८ मध्ये अमेरिकेला कायदा करून माफी मागावी लागली. पण हजारो माणसं दिवसभर रांगा लावण्याखेरीज काही न करता कुजत पडू नयेत, एवढं या एका माणसाने नक्की पाहिलं.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला सर्वांत मोठी वाटते. त्यांनी बाहेरच्यांना खेळायला बोलावलं. टूसॉन हायस्कूल हा अ‍ॅरिझोनाचा राज्यविजेता संघ. युद्ध चालू असताना त्यांचे प्रशिक्षक हँक स्लेगल आपल्या मुलांना घेऊन छावणीत आले, यात त्यांचंही धैर्य आहे. १८ एप्रिल १९४५ रोजी छावणीतल्या ब्यूट हायस्कूलची मुलं त्यांच्यासमोर उतरली. सामना दहाव्या डावापर्यंत लांबला आणि बरोबरी फोडणारा फटका मारला हार्वी झेनिमुराने. निकाल ११-१०. देशाने ज्यांना संशयित ठरवलं होतं, त्यांनी राज्यविजेत्यांना नियमांत राहून, पंचांसमोर हरवलं.

युद्ध संपल्यावर झेनिमुरा फ्रेस्नोत परतले आणि पुन्हा संघ बांधायला बसले. पन्नाशी उलटली तरी ते मैदानावर उतरत, पोरांना शिकवत. १९५३ साली हॉवर्ड आणि हार्वी दोघेही व्यावसायिक खेळाडू म्हणून जपानला गेले, ते हिरोशिमा कार्प या संघात, वडिलांच्या जन्मगावी. १९६८ मध्ये मोटार अपघातात झेनिमुरा गेले. गिला रिव्हरच्या त्या मैदानावरची लाकडी होम प्लेट, म्हणजे जिच्याशेजारी उभं राहून फलंदाज चेंडू टोलवतो ती पाटी, आज कूपरस्टाऊनच्या बेसबॉल संग्रहालयात आहे.