साडेसात महिन्यांचा हुकूम, चौदा वर्षांचा अंमल



कायदा विधिमंडळाने करायचा, सरकारने राबवायचा, न्यायालयाने तपासायचा, हे आपण शाळेत शिकलो. ही हद्द प्रत्यक्ष कारभारात कुठे ओलांडली जाते, ते वटहुकुमात दिसते. कारण कायदा करण्याचा अधिकार घटनेने इथे तात्पुरता का होईना, सरकारच्या हाती दिला आहे.

अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज उद्भवली, तर अनुच्छेद २१३ प्रमाणे राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वटहुकूम काढतात. तो कायद्याइतकाच बंधनकारक असतो. मात्र विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तो संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर ठेवता येत नाही. म्हणजे वटहुकुमाचे आयुष्य फार तर साडेसात महिने. केवढी काटेकोर मोजणी ही!

बिहारने ती धुळीला मिळवली. आपल्या पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी हे उजेडात आणले. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून एक ते चौदा वर्षे जिवंत ठेवले गेले होते. उसाचा पुरवठा आणि खरेदी यांवरचा एक वटहुकूम तर तेरा वर्षांहून अधिक टिकला. या काळात विधिमंडळ भरत नव्हते असे नाही. अधिवेशने होत, संपत, आणि ती संपली की तोच मजकूर नव्या तारखेने पुन्हा निघे. त्यावर चर्चा नाही, दुरुस्ती नाही, मतदान नाही. शेतकऱ्याने ऊस कुणाला, कसा द्यायचा हे ठरत होते. त्याने निवडून दिलेल्या आमदाराला मात्र कुणी विचारत नव्हते. मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते.

वाधवांनी १९८३ मध्ये यावर पुस्तक लिहिले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. पुण्याच्या संशोधकाचा बिहारच्या वटहुकुमांशी काय संबंध, हा प्रश्न निघालाच. न्यायालयाने तो बाजूला सारला: घटनेनुसार झालेल्या कायद्यांनीच आपल्यावर राज्य व्हावे, असा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने ही प्रथा म्हणजे घटनेची फसवणूक ठरवली, तेव्हा अमलात असलेला इंटरमीजिएट शिक्षण परिषदेचा वटहुकूम रद्द केला आणि वाधवांना दहा हजार रुपये खर्चापोटी देवविले.

तरीही सवय सुटली नाही. बिहारमधल्या संस्कृत शाळा ताब्यात घेणाऱ्या वटहुकुमांची मालिका १९८९ मध्ये सुरू झाली. एकही वटहुकूम विधिमंडळापुढे ठेवला गेला नाही. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने, बहुमताने, वटहुकूम सभागृहाच्या पटलावर ठेवणे बंधनकारक असल्याचे बजावले. पहिल्या निकालानंतर तीस वर्षांनी!

न्यायालय स्वतःहून राजपत्रे चाळत बसत नाही. बिहारमध्ये ते काम एका अभ्यासकाने केले, आणि तेही बाहेरगावच्या. तेव्हा येत्या पावसाळी अधिवेशनाच्या आधी आपापल्या आमदारांना एवढे तरी विचारा: गेल्या अधिवेशनानंतर कोणते वटहुकूम निघाले, ते पटलावर कधी येणार, आणि त्यांवर चर्चेला तुम्ही उभे राहणार का?